नागपूरच्या उन्हाळ्यात फुलपाखरू बागेत मुलांचं शिबिर घ्यायचंय, काय काय घेता येईल?

बेसारोड_ताई

नमस्कार मंडळी. आमच्या लेआऊटमध्ये एक मोकळी जागा होती, आधी तिथे गाजरगवत आणि प्लास्टिकशिवाय काही नव्हतं, ती सगळ्यांनी मिळून साफ केली आणि वर्गणी काढून तिथे फुलपाखरू बाग केली. पाणी बोअरवेलचं आहे. लिंबाची झाडं आहेत, कढीपत्ता भरपूर, एक बेल, कन्हेर, अशोकाची रांग आधीपासूनच होती, कंपाउंडला लागून रुई आपोआप उगवली, बहावा अजून लहान आहे पण यंदा फुलला. सदाफुली टिकली, झिनिया मात्र एप्रिलमध्येच करपली. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत इतकी फुलपाखरं असतात की येणारेजाणारे गाडी थांबवून पाहतात.

आता सुट्ट्या लागल्यात आणि आपल्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे हाताशी भरपूर वेळ आहे. मे महिन्यात एक छोटं शिबिर घ्यायचं ठरतंय, लेआऊटमधली आणि बाजूच्या वस्तीतली मिळून पंचवीसेक मुलं, वय ६ ते १३, फी काही नाही. मिटिंगमध्ये ज्याने त्याने आपापलं सांगितलं, कोणी म्हणे चित्रकला स्पर्धा ठेवा, कोणी म्हणे फेस पेंटिंग, एक काका म्हणाले जाळ्या आणा, मुलं पकडतील आणि बरणीत ठेवून सगळ्यांना दाखवता येईल. मला ते पटत नाहीये. चित्रं घरी बसूनही काढता येतात, एवढी बाग हाताशी आहे तर मुलांनी बागेतलंच काही डोळ्यांनी पाहावं, हात मातीत घालावेत असं मनापासून वाटतं.

पण नागपूरच्या मे महिन्यात फुलपाखरं दिसतात तरी का? सध्या बागेत गेलं की एखाददुसरं पिवळं उडताना दिसतं, बस. आणि ४५ डिग्रीत मुलांना बाहेर काढायचं म्हटलं की आईवडील घाबरतात, त्यांचंही बरोबरच आहे. वेळ कोणती ठेवायची, रोज घ्यायचं की आठवड्यातून दोनदा, आणि नेमकं घ्यायचं काय? कोणी असं केलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

सेमिनरीहिल्स_सकाळ

ताई, आधी जाळ्यांचं. त्या काकांना प्रेमाने पण ठाम नाही म्हणा. पंखाला हात लावला की बोटाला जी पूड लागते ना ते पंखावरचे खवले असतात, एकदा गेले की परत येत नाहीत, आणि लहान मुलांच्या हातून पंख फाटतोच. शिवाय काही फुलपाखरांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, कोणती आहेत ते मुलांना कुठून कळणार. पकडायची गरजच पडत नाही, कसं ते खाली लिहितो.

मे महिना उडणाऱ्या फुलपाखरांचा नाहीच, आपल्याकडचा सीझन जुलै ते नोव्हेंबर. तरी मी म्हणेन शिबिर उन्हाळ्यातच घ्या, फक्त मुलांना फुलांजवळ नेण्याआधी पानांजवळ न्या. सगळं शहर वाळून गेलेलं असताना तुमच्या बागेला रोज पाणी आहे, त्यामुळे लिंबाला आणि कढीपत्त्याला कोवळी पालवी फुटलेली असणार, आणि आजूबाजूच्या भागातली जी काही मादी फुलपाखरं असतील ती अंडी घालायला तिथेच येणार कारण दुसरीकडे कोवळं पान मिळतच नाही. मोठ्यांना वाटतं फुलं लावली की फुलपाखरं आली. फुलं म्हणजे त्यांचं हॉटेल, येतात, पितात आणि जातात. बाग त्यांची होते ती अळीला खायला झाड असतं तेव्हा, आणि प्रत्येकीचं झाड ठरलेलं असतं. लाइम आणि कॉमन मॉरमॉन लिंबू, कढीपत्ता, बेल यावर, प्लेन टायगर रुईवर, कॉमन क्रो कन्हेरीवर, टेल्ड जे अशोकावर, आणि तुम्ही लिहिलंय ते पिवळं एमिग्रंट असेल तर ते बहाव्यासाठी आलंय, ग्रास यलो असेल तर ते तरोट्यावर, म्हणजे टाकळ्यावर वाढणारं. तुमच्याकडे यातलं जवळजवळ सगळं आधीच आहे, आणि रुई कोणी तण म्हणून उपटली नाही याचा मला फार आनंद झाला.

पहिल्या दिवशी मुलांना एकच काम द्या, लिंबाच्या झाडावर अंडं शोधणे. कोवळ्या पानावर किंवा शेंड्याला बघायचं, फिकट पिवळा गुळगुळीत गोल ठिपका, मिलिमीटरभराचा, एका ठिकाणी एकच. सुरुवातीला कोणालाच दिसत नाही, मग एकाला दिसतं आणि त्यानंतर सगळ्यांना दिसायला लागतात. नशीब असेल तर मादीच अंडं घालताना सापडते, ती फुलाकडे ढुंकूनही बघत नाही, झाडाभोवती घिरट्या घालते, पानावर क्षणभर टेकते आणि पुढच्या पायांनी पान बडवून बघते. तिला पायांनी चव कळते. पान लिंबाचंच आहे याची खात्री पटली की पोटाचं टोक वाकवून अंडं चिकटवते आणि लगेच पुढच्या शेंड्याकडे. हे ज्या मुलाने एकदा पाहिलं त्याला पुस्तकातली आकृती पाठ करायला लागत नाही.

तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते आणि पहिलं जेवण म्हणजे अंड्याचं टरफल. लहान असताना ती काळपट तपकिरी आणि मधे पांढरा पट्टा अशी असते, हुबेहूब पक्ष्याची विष्ठा, आणि पानावर उघड्यावर निवांत बसून राहते कारण ते कोणता पक्षी खाणार? चार वेळा कात टाकली की अचानक हिरवी होते. त्या मोठ्या हिरव्या अळीच्या डोक्यामागे गवताच्या काडीने अगदी हळू स्पर्श केला तर दोन नारिंगी शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो, ते मुंग्यांना आणि छोट्या शत्रूंना हाकलण्यासाठी असतं. एका अळीला एकदाच हं, पंचवीस मुलांनी पंचवीस वेळा नाही.

वेळेचं म्हणाल तर मेच्या मध्यावर सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, तेव्हा ६ ला जमा आणि ८ ला सुट्टी, त्यापुढे मुळीच ताणू नका. सहा वाजता फुलपाखरं पंख उघडून ऊन खात बसलेली असतात आणि फार उडत नाहीत, म्हणून जवळून बघता येतात. दहानंतर तीच फुलपाखरं दाट सावलीत पानाखाली जाऊन बसतात. रोज नको, एक दिवसाआड बरं, कारण अळीत फरक दिसायला तेवढा वेळ द्यावा लागतो आणि आईवडिलांनाही ते जमतं.

काटोलवाला

राजेहो वाचून छान वाटलं, पण एक दुसरी बाजू बी सांगतो. आमचा काटोलकडे संत्र्याचा बगीचा आहे. हेच लाइम फुलपाखरू, हीच हिरवी अळी आमच्या रोपवाटिकेत आली की हातभर उंचीचं रोप नुसत्या काड्या करून ठेवते. मोठ्या झाडाले तेवढा फरक पडत नाही, ते सोसते, पण लहान रोप अन् नवी लागवड असली की मग शेतकऱ्याले काहीतरी करावंच लागते. मृग बहरासाठी उन्हाळ्यात आम्ही बगीच्याले ताण देतो म्हणजे पाणी तोडतो, मग जूनमध्ये पाऊस पडला की सगळ्या झाडाले एकदम नवी पालवी फुटते, अन् तेव्हाच ह्या अळ्या येतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, मुलांना फुलपाखरू किती सुंदर एवढंच सांगू नका, हे बी सांगा. नागपूर जिल्ह्यातल्या लेकरांना माहीत असलं पाहिजे की त्यांच्या बागेतलं कौतुकाचं फुलपाखरू तिकडे काटोल, नरखेडले कोणाच्या तरी रोपाचं नुकसान करून राहिलं आहे, अन् शेतकरी काही हौसेनं फवारा मारत नाही. आम्ही रोपवाटिकेत हातानं अळ्या वेचतो, थोडी रोपं असली तर तेवढ्यानं भागते, आमचे पोट्टेच वेचतात सकाळी. जास्त क्षेत्र असलं की मग औषध. अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्था आहे, संत्रा-लिंबाच्या झाडावर कोणती कीड काय करते अन् कधी येते याचं काम तिथे चालते. मोठ्या मुलांना दोन्ही बाजू देऊन चर्चा करायला लावा, तेरा वर्षाचं पोरगं चांगलं बोलते, आपण विचारलं तर.

सेमिनरीहिल्स_सकाळ

काटोलवाला भाऊ, हे तुम्ही लिहिलं ते फार बरं झालं, मी लिहायला हवं होतं त्याहून चांगलं आलंय. एक भर घालतो, वेचलेल्या अळ्या मारण्याऐवजी बागेतल्या कढीपत्त्यावर आणून सोडता येतात, जवळ राहणाऱ्यांना तरी हे शक्य आहे. घरच्या कुंडीतल्या लिंबाची अळी नको असेल तर ती आमच्या बागेत आणा, असं सगळ्या लेआऊटला सांगून ठेवा ताई.

वर्गशिक्षिका_सदर

मी शाळेत विज्ञान शिकवते आणि दर उन्हाळ्यात मुलांकडून अळ्या वाढवून घेते, म्हणून त्याबद्दल जरा नीट लिहिते कारण यात बहुतेक ठिकाणी गडबड होते आणि मुलांच्या डोळ्यांसमोर अळी मेली की मूल फार हिरमुसतं.

पंचवीस मुलांना पंचवीस अळ्या देऊ नका. चार-पाच मुलांचा गट आणि गटाला एक डबा पुरे. पारदर्शक प्लास्टिकचा डबा, झाकणाऐवजी मच्छरदाणीचं कापड आणि रबरबँड, तळाला कागद. लिंबाची छोटी फांदी पाण्याच्या छोट्या बाटलीत खोचायची पण बाटलीचं तोंड कापसाने पक्कं बंद करायचं, नाहीतर अळी देठावरून खाली उतरते आणि पाण्यात बुडते. रोज सकाळी कागदावरच्या लेंड्या झटकायच्या, पान वाळलं की बदलायचं, अळीला बोटांनी उचलायचं नाही, जुन्या पानासकट नव्या फांदीवर ठेवायची, ती आपोआप सरकते. डबा कूलरच्या थेट झोतात नको आणि उन्हात तर नकोच. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या खोलीत रात्री डासांची कॉइल किंवा लिक्विड लावता तिथे डबा ठेवायचा नाही. डास मारणारं औषध अळीलाही मारतं, आणि घरच्यांच्या हे लक्षातच येत नाही.

अजून एक, नर्सरीतून नवीन आणलेल्या लिंबाची पानं देऊ नका. त्या रोपांवर फवारणी झालेली असते, काही औषधं तर झाडाच्या रसातच भिनतात, पान धुऊनही जात नाहीत. नवीन रोप आणलं की ते बरेच आठवडे नुसतं वाढू द्यायचं, जुनी पानं जाऊन नवी येऊ द्यायची.

अळी खायची थांबली आणि डब्यात इकडेतिकडे फिरायला लागली की मुलांना सांगून ठेवा की आता हात लावायचा नाही. ती काडीला मागचं टोक चिकटवते, मग अंगाभोवती रेशमाचा एकच धागा गुंडाळते आणि त्या धाग्याच्या आधाराने तिरकी टेकून राहते, दुसऱ्या दिवशी बघाल तर शेवटची कात पडलेली आणि कोष तयार. हिरव्या फांदीवर बऱ्याचदा हिरवा, वाळक्या काडीवर तपकिरी. दोन गटांना दोन वेगळ्या काड्या देऊन बघा, मुलं स्वतःहून अंदाज बांधायला लागतात आणि दुसऱ्या गटाच्या डब्यात डोकावायला लागतात. साधारण आठ-दहा दिवसांनी सकाळच्या वेळी फुलपाखरू बाहेर येतं, पंख चुरगळलेले आणि ओले असतात, त्या वेळी कोणीतरी मदत करायला जातं, ती मदत नको, त्याला काडीवर लटकून पंख पसरायला आणि वाळवायला तासभर शांतपणे द्यावा लागतो. मग सकाळीच बागेत सोडायचं.

वह्या मात्र छापील देऊ नका हो. कोरी वही, रोज तारीख, वेळ, अळीची लांबी पट्टीने मोजून, आणि एक चित्र. ज्यांना चित्रकला हवी होती त्यांचंही समाधान होतं, फक्त इथे समोर बघून काढायचं असतं. सहा-सात वर्षांची मुलं लांबी मोजण्याऐवजी पान किती खाल्लं ते गिरवून काढतात, तेही छान दिसतं.

दुपारी काही घ्यायचं असेल तर एखाद्याच्या हॉलमध्ये कोसा, म्हणजे रेशमाचा कोष दाखवा. भंडारा-गडचिरोलीकडे कोणी ओळखीचं असेल तर टसरचा कोसा मिळतो, तो पतंगाचा, ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर वाढणाऱ्या अळीचा. लांब देठ आणि देठाच्या टोकाला फांदीला धरून ठेवणारी कडी, हातात घेतला की किती टणक असतो ते मुलांना कळतं. एका बाजूला कोसा आणि एका बाजूला बागेतला लिंबाचा कोष ठेवला की लिंबाच्या फुलपाखराच्या कोषाभोवती रेशमाची गुंडाळी नसते आणि टसरच्या पतंगाच्या असते हे सांगावं लागत नाही. आजीची करवतकाठी साडी असेल तर तीही आणायला सांगा, काठावर करवतीचे दाते असलेली, आपल्याच विदर्भातली, कोशापासूनच्या रेशमाची. बाजूच्या वस्तीतल्या मुलांमध्ये एखाद्याच्या गावी कोशाचं काम चालत असलं तर त्याच मुलाला बोलू द्या, तुम्ही ऐका.

बेसारोड_ताई

बापरे, किती छान माहिती मिळाली, सगळ्यांचे खूप आभार. मी आज सकाळी सहाला जाऊन लिंबावर बघितलं आणि अंडी सापडली!! खरंच एकेका शेंड्यावर एकच. माझ्या शेजारच्या काकू सोबत होत्या, त्याच जाळी आणा म्हणणाऱ्या काकांच्या घरच्या, त्या आता काकांना उद्या घेऊन येणार आहेत.

थोडे प्रश्न राहिलेत. रुईचा चीक डोळ्यात गेला तर त्रास होतो असं एका पालकाने सांगितलं आणि झाड तोडा म्हणतायत, काय करावं? कन्हेर पण विषारी ना? केसाळ अळ्यांचं काय? आणि कोषातून फुलपाखराऐवजी माशी निघाली असं कोणीतरी सांगत होतं, ते खरं आहे का, मुलांना ते कसं सांगायचं? शेवटचं म्हणजे फुलपाखरांना पाणी ठेवायचं म्हटलं तर डास होतील म्हणतात, डेंग्यूची भीती सगळ्यांनाच आहे.

सेमिनरीहिल्स_सकाळ

रुई तोडू नका, मुलांना दूर उभं करा. चीक डोळ्यासाठी वाईटच असतो, त्यात पालकांचं चुकत नाही, म्हणून रुईचं पान तोडायचं ते फक्त मोठ्याने, मुलांनी हात लावायचा नाही आणि चुकून लागला तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. कन्हेरीचं तसंच, सगळं झाड विषारी, त्याचं फूल-पान तोंडात घालायचं नाही हे पहिल्याच दिवशी झाडासमोर उभं राहून सांगा. आणि मग त्यातलीच गोष्ट सांगा की प्लेन टायगरची अळी हेच रुईचं पान खाते, आधी शीर कुरतडून चीक गळू देते आणि मग खाते, ते विष तिच्या अंगात साठतं आणि फुलपाखरात उतरतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. डनैड एगफ्लाय म्हणून एक आहे, तिची मादी अगदी प्लेन टायगरसारखी दिसते, तिच्या अंगात तसलं विष नाही पण पक्षी फसतात. तिची अळी घोळीवर वाढते. घोळ तर मुलं एका वाफ्यात आत्ताच पेरू शकतात, पाणी मिळालं की भराभर येते, अर्धी भाजीला घरी न्या अर्धी अळ्यांसाठी ठेवा.

कन्हेरीवर एक गोष्ट आवर्जून शोधा. पानाखाली कॉमन क्रोचा कोष लटकलेला असतो, सोनेरी-चंदेरी, पॉलिश केलेल्या धातूसारखा, त्यात बघणाऱ्याचं तोंड दिसतं. कन्हेरीवर किंवा सदाफुलीवर जर बोटभर जाड हिरवी अळी आणि तिच्या मानेवर दोन निळे डोळे दिसले तर घाबरू नका, तो पतंग आहे, डोळे खोटे असतात आणि ती चावत नाही.

केसाळ अळ्यांना मात्र कोणीच हात लावायचा नाही, खाज सुटते, पुरळ येतं. सोपा नियम ठेवा, केस दिसले की हात मागे. लिंबाच्या, कढीपत्त्याच्या, अशोकाच्या फुलपाखरांच्या अळ्यांना केस नसतात, डब्यात वाढवायच्या त्या ह्याच.

माशी निघते हे खरं आहे. काही माशा आणि बारीक गांधीलमाशा अळीच्या किंवा कोषाच्या अंगावर किंवा आत अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं आतूनच खातात. मुलांपासून लपवू नका. काटोलवाला भाऊंच्या बगीच्यात अळ्यांची संख्या आवरून धरण्यात ह्याच माशांचा मोठा हात असतो, ते जोडून सांगितलं की मूल रडत नाही, विचार करतं. म्हणूनच वर्गशिक्षिका ताईंनी म्हटलं तसं गटाला एकच डबा असला तरी झाडावरही दोन-तीन अळ्या खुणेची दोरी बांधून नुसत्या बघायला ठेवा. झाडावरच्या सगळ्या वाचणार नाहीत, कोणती कधी नाहीशी झाली ते वहीत लिहायला सांगा.

पाण्याचं सोपं आहे, साठलेलं पाणी ठेवायचंच नाही. मातीची पसरट परात घ्या, त्यात वाळू आणि थोडी माती भरा, चिमूटभर मीठ टाका आणि ओली ठेवा, वाळूवर पाणी दिसता कामा नये. नर फुलपाखरं त्यातून क्षार शोषायला येतात. उभं पाणी नाही म्हणजे डास नाहीत. दुसऱ्या थाळीत आंब्याच्या साली आणि पिकून काळी झालेली केळी, सावलीत ठेवा, मे महिन्यात साली घरोघरी मिळतात. काही फुलपाखरं फुलांवर जातच नाहीत, ती सडक्या फळांवर येतात. तेंदूवर वाढणारं बॅरोनेट आपल्या विदर्भात चांगलं दिसतं, नारिंगी, त्यावर काळ्या रेघा, तेंदूचं झाड जवळपास असेल तर या थाळीवर येऊ शकतं.

आणि धुराची फवारणी होते ना डासांसाठी, ती येणार असेल त्या दिवशी डबे घरात आत घ्या आणि बागेच्या बाजूने गाडी वळवायची विनंती करून बघा.

महालच्या_आजी

मला टाईप करायला वेळ लागतो म्हणून थोडक्यात. झिनिया मे मध्ये नाहीच टिकणार बाई, त्यापेक्षा पेंटास आणि इक्झोरा लाव, दुपारी सावली येईल अशा जागी, बुडाशी वाळलेल्या पानांचा जाड थर दे, सकाळी सातच्या आत पाणी घाल. रायमुनियावर, म्हणजे घाणेरीवर फुलपाखरं खूप येतात म्हणून लोक लावतात पण ती बी टाकून सगळीकडे पसरते, नको लावूस.

मुलांना रोपांसाठी मातीच्या पिशव्या भरायला बसव. बहाव्याच्या काळ्या शेंगा आत्ता पिकल्यात, रस्त्यावर पडलेल्या मिळतात, फोडून बिया काढायच्या, हात चिकट होतात आणि वास येतो, मुलांना ते आवडतं. बी फार टणक असतं, सँडपेपरवर एका बाजूने घासायचं आणि रात्रभर भिजवायचं, तेव्हा उगवतं. पाऊस पडेपर्यंत रोपं वीतभर होतील. प्रत्येक मुलाने आपल्या पिशवीवर नाव लिहावं. आणि सुट्टी झाल्यावर पन्हं दे सगळ्यांना, टोपी-दुपट्ट्याशिवाय कोणाला आत घेऊ नको, सहा वाजता आलं तरी.

वर्गशिक्षिका_सदर

आजींचं बहाव्याचं एकदम मस्त. तीच रोपं मोठी झाली की एमिग्रंट येणार त्यावर.

ताई, शिबिर मे मध्येच संपवून टाकू नका एवढी विनंती. पहिला पाऊस पडल्यावर एका संध्याकाळी बागेत पांढरी चादर दोरीवर टांगा, तिच्यासमोर बल्ब लावा आणि मुलांना पालकांसोबत बोलवा, पतंग कसे येतात ते बघायला. मे च्या कोरड्या रात्री फार येत नाहीत, म्हणून पावसानंतर. आणि २०२० पासून देशभर सप्टेंबर महिना फुलपाखरांच्या नोंदीचा महिना म्हणून साजरा होतो, लोक आपापल्या भागातल्या फुलपाखरांचे फोटो ऑनलाइन नोंदवतात, तुमच्या मुलांच्या वह्या तोपर्यंत भरलेल्या असतील, त्यात बागेची नोंद टाका. शाळा सुरू झाल्यावर रविवारी सकाळी अर्धा तास पुरतो. मुलं ब्लू मॉरमॉन कधी दिसेल विचारतीलच, महाराष्ट्राने २०१५ मध्ये ते राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं आणि असं करणारं आपलं पहिलं राज्य. ते मुख्यतः सह्याद्रीकडचं, तुमच्या बागेत रोज येईल असं आश्वासन मुलांना देऊ नका, पण त्याची अळीसुद्धा लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते हे सांगा.

काटोलवाला

ताई, आमच्याकडे कलमासाठी जंभेरीची रोपं करतो, त्यातली कलम बांधायले न चालणारी वाकडीतिकडी रोपं दरवर्षी उरतात. ह्या वर्षीच्या वाफ्यावर अजून काही औषध मारलं नाही. जंभेरी बी लिंबाच्याच जातीची, अळीले चालते, अन् काटक असते. रविवारी नागपूरले येणंच आहे, येताना गाडीत टाकून आणतो, पैसे काही नको. फक्त खड्डे आधी खोदून ठेवा, उन्हाचं रोप वाट पाहत नाही, संध्याकाळी पाच नंतर लावू अन् लेकरांनाच लावू द्या.

बेसारोड_ताई

भाऊ, नक्की आणा! कंपाउंडच्या पूर्वेकडे अशोकाची सावली दुपारी पडते, तिथे जागा आहे. किती रोपं येतील तेवढं सांगा म्हणजे उद्या सकाळी काका आणि मोठी मुलं मिळून खड्डे घेतील, पाण्याचा पाइप तिथपर्यंत ओढावा लागेल तो आजच मागवते. शिबिर १० मे पासून एक दिवसाआड, ६ ते ८ असं ग्रुपवर टाकलंय, आणि सोबत नियम लिहिलेत, जाळी नाही, केसाळ अळीला हात नाही, रुई-कन्हेरीपासून हात दूर, टोपी आणि पाण्याची बाटली पाहिजेच. कोशाचं कोणाकडून मिळेल तर कृपया मला मेसेज करा, भंडाऱ्याकडे जाणारं कोणी असेल तर अजून बरं.